घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागे का पडतो? : वाचकांचे प्रश्न

घरच्या घरी गाणे रेकॉर्ड करणाऱ्या वाचकांकडून गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि अहिराणी गाण्यांचे रेकॉर्डिंग आता गावोगावच्या घरांत किती मनापासून चालले आहे, हे त्यांतून दिसले. बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच वाक्यात आहे: ‘आवाज लेट येतो.’ मात्र पत्रे नीट वाचली की या एका वाक्याखाली तीन वेगवेगळे दोष सापडतात. गाताना स्वतःचाच आवाज कानात उशिरा येणे हा एक. गाताना सगळे ठीक असूनही रेकॉर्ड झालेला ट्रॅक तालाच्या मागे पडलेला असणे हा दुसरा. आणि वाजवताना आवाज तुटणे किंवा तडतडणे हा तिसरा. पहिल्या दोषावरचा उपाय तिसरा दोष वाढवतो आणि दुसऱ्यावर त्याचा बहुधा काहीच परिणाम होत नाही. म्हणून आपला दोष यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये आणि नवी वस्तू तर मुळीच विकत घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (अमळनेर) : मी प्राथमिक शिक्षिका असून आमच्या गल्लीतल्या वयस्कर बायकांकडून आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी रेकॉर्ड करून ठेवत आहे. दोन माइकचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे उपकरण) आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरते. हेडफोन लावला की आजींना स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो, त्या गोंधळून थांबतात आणि हेडफोन काढून ठेवतात. काय करावे?

उत्तर : ताई, आजींचे गोंधळणे अगदी स्वाभाविक आहे. माइकमधला आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलला जातो, लॅपटॉपकडे जातो, सॉफ्टवेअरमधून फिरून पुन्हा इंटरफेसकडे येतो आणि मग हेडफोनमध्ये पोहोचतो. संगणक हे आकडे एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात आणि उशिराचा मोठा वाटा त्याचाच असतो. हिशोब सोपा आहे. बफरच्या आकड्याला सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती आकडे घेतले जातात त्या संख्येने, भागले की एका बाजूचा वेळ मिळतो. सॅम्पल रेट 44,100 आणि बफर 1024 असेल, तर एका बाजूला सुमारे 23 मिलिसेकंद जातात. येताना आणि जाताना मिळून 46, आणि इंटरफेस व यूएसबी यांचे काही मिलिसेकंद वर धरले की एकूण पन्नासच्या आसपास. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे आजींना त्यांचा स्वतःचा आवाज जणू 17 मीटरांवर उभी असलेली दुसरी बाई गात असावी तसा ऐकू येतो. अशा वेळी लय सांभाळणे कसलेल्या गायकालाही जड जाते.

बफर 128 वर आणला, तर एका बाजूचा वेळ 2.9 मिलिसेकंदांवर येतो आणि सगळे मिळून साधारण आठ ते दहा मिलिसेकंद होतात. हे अंतर तीन मीटरांच्या आसपासचे झाले. ढोलकीवाला समोर तीन मीटरांवर बसला तर कोणाचे काही बिघडत नाही. यासाठी रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ विभागातील डिव्हाइस या पानावर जाऊन एएसआयओ निवडावे आणि तेथे तुमच्या इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यावा. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 1997 साली आणलेली एएसआयओ ही पद्धत विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून इंटरफेसशी जवळपास थेट बोलते. एमएमई ही विंडोजची जुनी पद्धत सर्वांत संथ आहे आणि अनेकांच्या संगणकावर नकळत तीच निवडलेली राहते. वासापी तिच्यापेक्षा पुष्कळ बरी. एएसआयओफोरऑल हा सर्वत्र सुचवला जाणारा ड्रायव्हर प्रत्यक्षात विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला एक थर आहे. ज्यांच्याकडे इंटरफेस नाही त्यांना तो उपयोगी पडतो, पण कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर उपलब्ध असताना त्याच्या मागे लागू नये. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असल्याने ही निवड करावी लागत नाही.

तरीही तुमच्या कामासाठी बफर कमी करणे हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय तुमच्या इंटरफेसवरच असण्याची दाट शक्यता आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण किंवा मिक्स नावाचा खटका असतो. तो चालू केला की माइकचा आवाज लॅपटॉपची वारी न करता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनकडे जातो आणि उशीर जाणवण्याइतका उरत नाही. त्याच वेळी रीपरमध्ये त्या ट्रॅकवरचे मॉनिटरिंगचे बटण बंद करायला विसरू नका. ते चालू राहिले तर थेट आवाज आणि उशिराचा आवाज असे दोन्ही कानात पडतात आणि आडात बोलल्यासारखा पोकळ घुमारा येतो. अनेक जण एवढ्यावरूनच डायरेक्ट मॉनिटर खराब आहे असे ठरवून टाकतात.

आणखी एक सांगावेसे वाटते. आखाजीची गाणी झोक्यावर किंवा फेर धरून, एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळून म्हटली जातात. त्यांना मागून वाजणारा ट्रॅक लागत नाही. ट्रॅक नसेल तर आजींना हेडफोन कशाला हवा? हेडफोन तुम्ही लावा, त्यांना जशा रोज गातात तशा गाऊ द्या. लेटन्सीचा, म्हणजे या उशिराचा, प्रश्न तेथेच संपतो आणि गाणेही मोकळे येते.

प्रश्न (चोपडा) : महागडा ब्लूटूथ हेडफोन घेतला आहे. त्यावर चित्रपट पाहताना ओठ आणि आवाज अगदी जुळतात. मग रेकॉर्डिंगमध्येच तो अर्धी मात्रा मागे का राहतो?

उत्तर : ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी हवेतून पाठवला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. यात सर्वसाधारण हेडफोनमध्ये दीडशे ते तीनशे मिलिसेकंद सहज जातात. चित्रपट दाखवणारे सॉफ्टवेअर हा उशीर ओळखून चित्रही तेवढेच थांबवून दाखवते, म्हणून ओठ जुळतात. तुमच्या गळ्यातून निघालेला आवाज मात्र कोणी थांबवून ठेवू शकत नाही. बफर कितीही कमी केला तरी हा उशीर जाणार नाही. शिवाय ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरला, तर तो फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातो आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही घसरतो. रेकॉर्डिंगसाठी वायरचा साधा हेडफोन घ्यावा. मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्या चाळीसगावच्या दोन वाचकांनाही हेच उत्तर लागू आहे.

प्रश्न (भुसावळ) : सकाळी केलेले रेकॉर्डिंग स्वच्छ येते, दुपारी तोच प्रोजेक्ट तडतडतो. मे महिन्यात तर दोन ओळीही धड वाजत नाहीत. लाइट गेल्यावर त्रास आणखी वाढतो. लॅपटॉपची रॅम दुप्पट केली, तरी फरक पडला नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी कोठीच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्ड करतो.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचले आणि कारण बहुतांशी तेथेच सापडले. त्याकडे येण्याआधी एक साधी परीक्षा करा. तडतडलेला भाग तीन वेळा वाजवून ऐका. तडतड प्रत्येक वेळी त्याच अक्षरावर येत असेल, तर ती फाइलमध्येच उमटली आहे आणि तो तुकडा पुन्हा गाण्याशिवाय इलाज नाही. ती दर वेळी जागा बदलत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि संगणकाला ती वेळेवर वाजवता येत नाही एवढेच.

असे का होते, ते आपल्याकडच्या ठिबकवरून सांगतो. नळ्यांमधून पाणी एकाच संथ गतीने जात असते आणि मागची टाकी अधूनमधून भरली जाते. टाकी रिकामी होण्याच्या आत भरणारा आला नाही, तर थेंब तुटतो. इंटरफेस हा त्या नळ्यांसारखा आहे: त्याला सेकंदाला 44,100 आकडे न चुकता लागतात. बफर ही टाकी आणि भरणारा म्हणजे तुमचा प्रोसेसर. टाकी लहान ठेवली तर आवाज लवकर पोहोचतो, पण भरणाऱ्याला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात आणि एक फेरी चुकली की टचकन आवाज येतो. बफर 128 असताना दर 2.9 मिलिसेकंदांनी फेरी झालीच पाहिजे.

आता तुमची कोठी पाहा. बाहेर पारा 44-45 अंशांवर, खोली बंद, चारी बाजूंनी गोधड्या, पंखा बंद आणि, माझा अंदाज चुकत नसेल तर, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवलेला. लॅपटॉपला हवा बहुधा खालच्या जाळीतून लागते. गादी ती जाळी बंद करते. प्रोसेसर सुमारे 95 ते 100 अंशांपर्यंत तापला की जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात सीपीयूचा (प्रोसेसरचा) वेग गिगाहर्ट्‌झमध्ये लिहिलेला असतो. तो सकाळी एकदा आणि दुपारी तडतड सुरू असताना एकदा कागदावर टिपून ठेवा. दुपारचा आकडा सकाळच्या निम्म्यावर आला असेल, तर रॅम वाढवून काहीच का झाले नाही याचा उलगडा होईल: भरणारा थकला होता आणि आपण कोठार मोठे केले.

उपाय खर्चिक नाही. लॅपटॉप आणि इंटरफेस दोन्ही कोठीच्या बाहेर, पंख्याखाली, लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि फक्त माइक आत न्या. माइकची एक्सएलआर वायर दहा-पंधरा मीटर लांब असली तरी आवाजाचे नुकसान होत नाही. यूएसबी वायर मात्र लांबवू नका. नेहमीच्या यूएसबीची मर्यादा पाच मीटरांची आहे आणि त्याआधीच स्वस्त वायरी दगा देतात. लॅपटॉपच्या पंख्याचा घुरघुराटही त्यामुळे माइकपासून दूर जाईल. शक्य असेल तर गायन पहाटे करावे आणि दुपार कापाकापीसाठी ठेवावी; उन्हाळ्यात मी स्वतः हेच करतो.

लाइट गेल्यावर त्रास वाढतो, कारण बॅटरीवर आल्याबरोबर लॅपटॉप वीज वाचवण्याच्या पद्धतीत जातो आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीसाठीही हाय परफॉर्मन्स निवडावे आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ही सोय बंद करावी, म्हणजे इंटरफेसला मधूनच झोप लागणार नाही.

इतके करूनही सकाळच्या गारव्यात तडतड उरली, तर लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालवून पाहावे. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो, ते ते नावानिशी दाखवते. पुष्कळदा तो वायफायचा ड्रायव्हर निघतो. गाताना वायफाय बंद ठेवले की काम भागते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू तीसच टक्के दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. ती प्रोसेसरच्या सर्व कोअरची (स्वतंत्र भागांची) सरासरी असते. एका ट्रॅकवर एकापुढे एक लावलेले प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरे) बहुधा एकाच कोअरवर चालतात. तो कोअर पूर्ण भरला आणि बाकीचे मोकळे असले, तरी आवाज तुटतोच.

प्रश्न (धुळे) : आमचे घरगुती वाद्यवृंदाचे काम आहे. ढोलकीवाला मेट्रोनोमवर (लय दाखवणाऱ्या टकटकीवर) अगदी चोख वाजवतो, आम्ही समोर बसून ऐकतो. रेकॉर्डिंग वाजवून पाहिले की प्रत्येक थाप जराशी मागे. आम्ही प्रत्येक ट्रॅक हाताने ओढून जुळवतो, पण दर वेळी अंदाज वेगळा निघतो आणि घरात वाद होतात की चूक वादकाची की यंत्राची. आम्ही ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरतो.

उत्तर : वादकावर शंका घेण्याआधी यंत्राचे मोजमाप करा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे आणि त्याने वाद कायमचा मिटतो. मी स्वतः कित्येक महिने ट्रॅक हाताने ओढत बसलो होतो आणि त्या काळात एका चांगल्या तबलजीला उगीच ‘मागे वाजवतोस’ असे बोललो, याची खंत अजून आहे.

मेट्रोनोमचा आवाज संगणकातून निघून कानापर्यंत पोहोचायला काही वेळ लागतो. वादक तो ऐकून वाजवतो. त्याची थाप संगणकात पोहोचायला पुन्हा काही वेळ लागतो. हा दोन्ही बाजूंचा वेळ सॉफ्टवेअरने वजा करून ट्रॅक योग्य जागी ठेवायचा असतो. एएसआयओ ड्रायव्हर आपला उशीर किती ते सॉफ्टवेअरला सांगतो, म्हणून तेथे जुळणी बहुधा आपोआप होते. अर्थात काही ड्रायव्हर चुकीचा आकडा सांगतात. ऑडॅसिटीमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन नावाच्या चौकटीत उणे 130 मिलिसेकंद हा आकडा आधीच भरलेला असतो. तो सर्वांसाठी ठेवलेला सरासरी अंदाज आहे, तुमच्या यंत्राचा आकडा नव्हे.

तुमचा आकडा असा काढा. ऑडॅसिटीमध्ये टकटक वाजणारा ऱ्हिदम ट्रॅक तयार करा. हेडफोनचा एक कान माइकला अगदी चिकटवून धरा. त्यांच्यात फूटभर अंतर राहिले तरी मोजणीत जवळपास एक मिलिसेकंदाची चूक येते. इंटरफेसवर जागा असेल तर त्याच्या आउटपुटमधून इनपुटला सरळ वायर जोडावी, ते अधिक अचूक. तसे जोडताना डायरेक्ट मॉनिटर बंद आणि आवाज अगदी कमी ठेवावा, नाहीतर आवाज स्वतःभोवती फिरून किंचाळेल. आता ऱ्हिदम ट्रॅक वाजत असताना दुसऱ्या ट्रॅकवर तो रेकॉर्ड करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहा आणि एकाच टकटकीची सुरुवात दोन्हीकडे कोठे आहे ते मोजा. समजा, मूळ टकटक 1.000 सेकंदावर आहे आणि रेकॉर्ड झालेली 1.047 वर, तर 47 मिलिसेकंदांची तूट आहे. उणे 130 मधून ती वजा करा आणि चौकटीत उणे 177 लिहा. टकटक आधीच आलेली दिसली, तर उलट करा. पुन्हा रेकॉर्ड करून तपासा. दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत आले की पुरे.

रीपर वापरणाऱ्यांना हीच दुरुस्ती प्रेफरन्सेसमधील रेकॉर्डिंगच्या पानावर करता येते. तेथे आकडा मिलिसेकंदांत किंवा सॅम्पलमध्ये भरता येतो: 44,100 च्या सॅम्पल रेटला 47 मिलिसेकंद म्हणजे सुमारे 2073 सॅम्पल. आकडा भरल्यावर तूट मिटण्याऐवजी दुप्पट झाली, तर चिन्ह उलटे करावे.

हा आकडा एकदा वहीत लिहून ठेवला म्हणजे झाले असे समजू नका. बफर बदलला, ड्रायव्हर नवा घातला, यूएसबी माइकच्या जागी इंटरफेस आला किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा मोजावे लागते. तुमचा अंदाज दर वेळी वेगळा निघत होता तो बहुधा यामुळेच. मोजणीनंतरही एखादा वादक कधी पुढे, कधी मागे सापडला, तर ते त्याचे वाजवणे आहे. आणि तो सतत एकाच बाजूला थोडासा झुकत असेल, तर ती त्याची चाल असू शकते; ती हाताने सरळ करण्याआधी डोळे मिटून एकदा ऐकावे.

प्रश्न (शहादा) : पावरी वाजवणाऱ्या कलाकारांचे रेकॉर्डिंग मागे तालाचा ट्रॅक लावून केले. सुरुवात बरोबर जुळते, शेवटाला दोन्ही वेगळे पडतात. चाळीस मिनिटांच्या भजनात हा फरक तर स्पष्ट ऐकू येतो.

उत्तर : धुळ्याच्या वाचकांचा दोष सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच राहतो, तुमचा हळूहळू वाढतो, म्हणून कारणही वेगळे आहे. तुम्ही यूएसबी माइकवर रेकॉर्ड करता आणि हेडफोन लॅपटॉपच्या छिद्रात लावता, असे पत्रात पुढे लिहिले आहे. त्या दोन उपकरणांत दोन स्वतंत्र घड्याळे आहेत आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नास इतका बारीक फरक असला, तरी पाच मिनिटांच्या गाण्यात 15 मिलिसेकंद आणि चाळीस मिनिटांच्या भजनात 120 मिलिसेकंद साचतात. पुढच्या वेळी हेडफोन यूएसबी माइकच्याच छिद्रात लावा, म्हणजे ऐकणे आणि रेकॉर्ड करणे एकाच घड्याळावर चालेल. झालेले रेकॉर्डिंग वाचवता येते: भजन 2400 सेकंदांचे आणि शेवटी 0.12 सेकंद मागे असेल, तर तो ट्रॅक 2399.88 सेकंदांत बसेल एवढा वेग बदलावा. इतक्याने स्वर अर्ध्या स्वराच्या हजाराव्या भागाइतकाही हलत नाही. फरक सावकाश न वाढता एखाद्या जागी अचानक उडी मारून आला असेल, तर मात्र तेथे आकडे गळालेले आहेत. ती भुसावळची तक्रार आहे आणि वेग बदलून ती सुटणार नाही.

प्रश्न (पाचोरा) : मित्राने पाठवलेला म्युझिक ट्रॅक माझ्याकडे जलद वाजतो आणि पट्टी चढलेली असते. गाणे काळी दोनमध्ये होते. आता माझी पेटी कोणत्याच पट्टीला लागत नाही.

उत्तर : पेटी कोणत्याच पट्टीला लागत नाही, हीच खरी खूण आहे. ट्रॅक 44,100 सॅम्पल रेटने तयार झालेला असून तुमचे यंत्र तो 48,000 समजून वाजवत आहे. चार मिनिटांचे गाणे त्यामुळे साधारण 220 सेकंदांतच संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी दोनवरून एक अर्धस्वर चढले की पांढरी तीन आणि दोन चढले की पांढरी चार येते; तुमचे गाणे या दोन्हींच्या मधोमध अडकले आहे. उलट घडले, म्हणजे 48,000 चा ट्रॅक 44,100 ने वाजला, तर गाणे रेंगाळते आणि पट्टी उतरते. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमधील रेट आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधील रेट हे तिन्ही एकच करा, ट्रॅक घेताना सॉफ्टवेअरने रूपांतराविषयी विचारले तर होकार द्या आणि ब्राउझर बंद ठेवा, कारण दुसरे सॉफ्टवेअर इंटरफेसचा रेट मधूनच बदलू शकते. गाणे व्हिडिओसाठी असेल तर पहिल्या दिवसापासून 48,000 वरच काम करावे, सीडीसाठी 44,100 वर. मित्राशीही हे आधी बोलून ठेवावे; पट्टी ठरवतो तसेच हेही ठरवायचे असते.

प्रश्न (रावेर) : वीस-बावीस ट्रॅक झाले की प्लेबॅक अडकतो. दुकानदार एसएसडी घ्या म्हणतो. सगळे प्रोजेक्ट मी पेन ड्राइव्हवरूनच उघडतो.

उत्तर : एसएसडी चांगलीच असते, पण आधी हिशोब पाहा. 48,000 सॅम्पल रेट आणि 24 बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला 144 किलोबाइट मागतो. वीस ट्रॅकना तीन मेगाबाइटही लागत नाहीत आणि इतके तर जुनी फिरती हार्ड डिस्कही सहज देते. अडचण पेन ड्राइव्हची आहे. तो एक मोठी फाइल सलग बरी वाचतो. वीस फाइलींचे तुकडे आळीपाळीने वाचायला सांगितले आणि त्यातच रेकॉर्डिंग लिहायला लावले की दमतो. प्रोजेक्ट आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा, तेथे काम करा आणि पेन ड्राइव्ह फक्त प्रतीसाठी ठेवा. प्रोजेक्टचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून आणि क्लाउडच्या आपोआप होणाऱ्या नकलेतून वगळा.

त्यानंतरही अडकले तर भार प्लगइनचा समजावा. ज्या ट्रॅकचे काम संपले ते फ्रीझ करा, म्हणजे प्लगइनसह तो ट्रॅक साध्या फाइलमध्ये उतरतो आणि प्रोसेसर मोकळा होतो. गाऊन झाले आणि केवळ मिक्सिंग उरले असेल, तर बफर निःसंकोच 1024 किंवा 2048 करा. तेव्हा उशिराने कोणाचेही बिघडत नाही.

प्रश्न (शिरपूर) : मिडी कीबोर्डवरून लॅपटॉपमधली वाद्ये वाजवतो. कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. डायरेक्ट मॉनिटर चालू केला, उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही. मिडी कीबोर्डमधून आवाज निघत नाही, फक्त ‘ही कळ, इतक्या जोराने’ असा निरोप निघतो; आवाज लॅपटॉपमध्येच तयार होतो, म्हणून येथे बफर कमी करण्याला पर्याय नाही. 128 ठेवा, लॅपटॉप दमला तर 256.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. मास्टर ट्रॅकवर लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर लावला आहे का? असे प्लगइन पुढचा आवाज आधी पाहून मग काम करतात, म्हणून ते सगळा प्रोजेक्ट काही मिलिसेकंदांनी, कधी त्याहून पुष्कळ अधिक, मागे ढकलतात. वाजवताना ते बंद ठेवावेत. दुसरे म्हणजे, तुम्ही उशीर कोणत्या वाद्यावर पाहिला? सनई किंवा व्हायोलिनच्या समूहाचा आवाज मुळातच हळू उमलतो. पियानोचा आवाज लावून तीच कळ दाबून पाहा. पियानो बोटाबरोबर वाजला, तर तुमच्या यंत्रात दोष नाही. सनईची ओळ किंचित आधी वाजवण्याची सवय बोटांना करावी लागेल, किंवा वाजवून झाल्यावर ती ओळ संपूर्ण उचलून वीस-तीस मिलिसेकंद आधी, म्हणजे डावीकडे, सरकवावी.